रेणापूरच्या जुन्या गाडीला उजाळा

लातूरच्या रेणापूर नाक्यावरून अंबाजोगाईच्या दिशेने निघालेली एस.टी. अर्ध्या-पाऊण तासात रेणापुरात पोचते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन, तूर आणि ऊस. हिवाळ्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे एस.टी. अक्षरशः रांगत जाते आणि धुळीचा थर खिडकीतून थेट अंगावर येतो. रेणापूर हे रेणा नदीकाठचे गाव. रेणुकादेवीचे मंदिर, तहसील कचेरी, नगरपंचायत, आठवडी बाजार, असे तालुक्याच्या गावाला लागते ते सारे इथे आहे. भंडारवाडीला रेणा मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. पाऊस बरा झाला तर त्यात पाणी, नाही तर उघडी काळी माती.

या गावात सर्वांत पुष्कळ आणि फुकट मिळणारी वस्तू म्हणजे ऊन. फेब्रुवारी सरला की ते तापू लागते आणि जूनपर्यंत हटत नाही. तहसील कचेरीबाहेर, बाजारात, दवाखान्यासमोर उभ्या असलेल्या जुन्या जीपा आणि टेम्पो पाहा. बाजूचे पत्रे अजून बरे दिसतात, पण टप आणि बॉनेट पांढुरके, विटलेले. बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी लागते. मालक म्हणतो, "जुनी झाली गाडी." आणि खूपदा तेवढ्यावरून ती पडत्या किमतीला विकूनही टाकतो.

वाचकहो, आज सांगायचे आहे ते अशाच एका गाडीविषयी. हिला घरगाडी म्हणायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा. परदेशात मोटारहोम म्हणून गाडी मिळते. तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळे असते. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तसली गाडी विकत घेणे आपल्या आवाक्यातले नाही. पण चाकावरचे घर आपल्याला नवे नाही. रेणापुरातल्या बारा घरांनी मिळून २००९ मध्ये एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. गाडी २००३ ची, म्हणजे फोर्स मोटर्सचे नाव अजून बजाज टेम्पो होते त्या वेळची. कंपनीने नाव बदलले २००५ मध्ये. गाडी बारा घरांपैकी एका तात्यांच्या नावावर आहे, पण वापर सर्वांचा. नागपूरला दीक्षाभूमीला जायचे, मुंबईला जायचे, लग्नाला जायचे, रात्री-अपरात्री बाळंतीण लातूरला न्यायची, सगळे हिच्यावर. मुक्कामाच्या जागी गाडी उभी केली की आसनांवर फळ्या टाकून वर सतरंजी अंथरतात. बायका आणि लेकरे आत झोपतात, पुरुष मंडळी बाहेर. रॉकेलची बत्ती गेली, आता बॅटरीचा दिवा आला. टपावरच्या फायबरच्या पेटीत भांडी, पीठ आणि पाण्याचे कॅन असतात. लॉजचे भाडे द्यावे लागत नाही आणि रस्त्यात कोणाच्या दारी पाणी मागावे लागत नाही, हे या गाडीचे मोठे सुख.

माझी नोकरी लातुरात, कारकुनाची. बारा घरांत माझे नात्यातले एक घर आहे, त्यामुळे गाडीचा हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर बैठक बसली. प्रत्येक घराने तीन हजार रुपये काढले, एकूण ३६ हजार जमले. गाडीचा पांढरा रंग पार विटला होता, निळा पट्टा राखाडी झाला होता. तरुण पोरांचे म्हणणे, पूर्ण रंग द्या, लोक हसतात. लातूरला एका ठिकाणी विचारले तर पूर्ण रंगकामाचा आकडा ४८ हजार आला. आणखी एक हजार प्रत्येकी काढू, असे ठरत आले होते.

तेव्हा एक आक्का उठल्या. त्या म्हणाल्या, "रंगाला एवढे पैसे घालायलाव, अन् ब्रेकाचं काय? पुढचे टायर गुळगुळीत झालेत. गाडी देखणी असून काय करायचं, थांबलीच नाही तर?"

बैठक गप्प झाली. त्याच आक्कांनी दुसरीही गोष्ट काढली. गाडीच्या मागच्या दारावर बारा घरांची नावे रंगवलेली आहेत. ती लिहिणारे पेंटर मामा आता हयात नाहीत. पूर्ण रंग द्यायचा म्हणजे सगळा पत्रा घासायचा, वर प्रायमर मारायचा आणि त्याखाली ती अक्षरे कायमची जायची. नवी अक्षरे आता प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीची मिळतात, पण मामांच्या हाताचे वळण त्यांना येणार नाही. बैठकीत ठरले की आधी ब्रेक आणि टायर, मग उरलेल्या पैशात रंगाचे काय होते ते पाहायचे.

आता प्रश्न असा की उरलेल्या थोड्या पैशात विटलेला रंग परत येतो का? गावातल्याच एका डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी पांढऱ्या फडक्यावर जरासे रबिंग कंपाउंड घेतले आणि निळ्या पट्ट्यावर वीतभर जागा घासली. फडक्याला निळा रंग लागला आणि घासलेली जागा गडद निळी चमकू लागली. मिस्त्री म्हणाले, "दादा, रंग मेला नाही. वरची साय खराब झालीय तेवढी."

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रंगात दोन मुख्य वस्तू असतात. एक रंगाची पूड आणि दुसरी त्या पुडीला धरून ठेवणारे राळेसारखे द्रव्य. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून ते द्रव्य हळूहळू तोडतात. वरच्या थरातली पूड सुटी होते आणि खडूसारखी हाताला लागते. अशा खडबडीत पृष्ठभागावर पडलेला उजेड सरळ परत न येता विखुरतो, म्हणून रंग पांढुरका दिसतो. पण हे सगळे अगदी वरच्या पापुद्र्यात घडते. तो पापुद्रा अलगद काढला की खालचा रंग शाबूत असतो.

मात्र हे प्रत्येक गाडीला लागू नाही. जुन्या गाड्यांवर बहुधा एकाच जातीच्या रंगाचे थर असत; त्या घासल्या की फडक्याला रंग लागतो. पुष्कळ नव्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो. त्या घासल्या तर फडके रंगत नाही. असा पारदर्शक थर उन्हाने भाजलेल्या कातडीसारखा सोलून निघू लागला असेल, तर कितीही घासा, उपयोग नाही. तेवढा भाग पुन्हा रंगवावाच लागतो. म्हणून आधी दाराच्या खाली, कोणाला दिसणार नाही अशा वीतभर जागेवर फडक्याने परीक्षा करावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

सामान आणायला लातूरला गंजगोलाईत गेलो. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या बाजारात आणि आसपासच्या गल्ल्यांत रंगाची दुकाने आहेत. दुकानदार आधी महागडे परदेशी डबे दाखवतो, कारण तो दुकानदार आहे. आपण यादी लिहून न्यावी आणि यादीवरच बोट ठेवावे.

काम चार रविवारांत झाले. पहिल्या रविवारी नुसती धुणी. लातूरकरांना पाण्याचे मोल सांगायला नको. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून या शहराची तहान भागवावी लागली होती. त्यामुळे नळी लावून गाडी धुणे आपल्याकडे शोभत नाही आणि त्याची गरजही नाही. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. फडके आधी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणाच्या पाण्यात बुडवावे, म्हणजे माती पुन्हा गाडीवर जात नाही आणि ओरखडे पडत नाहीत. टपापासून सुरुवात करून खाली यावे. बोअरचे पाणी जड असते. ते पत्र्यावर वाळले तर पांढरे डाग उठतात, म्हणून लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. डांबराचे ठिपके फडक्यावर थोडे रॉकेल किंवा डिझेल घेऊन निघतात, पण नंतर ती जागा साबणाने धुवावी. धुण्याचा सोडा मात्र लावू नये.

दुसरा रविवार गंजाचा. रंगाखाली फोड आलेला असेल तर त्यावर पॉलिश करणे म्हणजे पू झालेल्या जखमेवर पावडर लावण्यासारखे आहे. फोड खरवडला, तारेच्या ब्रशने पत्रा उघडा केला, प्रायमर लावला, खड्ड्यात लांबी भरली, घासून सपाट केली आणि वर जुळणारा रंग लावला. पायदानाजवळ दोन ठिकाणी पत्रा पार सडला होता. तिथे वेल्डिंगवाल्याकडून तुकडा जोडून घेतला. वेल्डिंग लपवायचे नाही, ते तपासायचे. ज्या पायदानावर म्हाताऱ्या माणसाने पाय ठेवायचा, त्याला नुसती लांबी भरून रंग देणे हा अपराध आहे.

तिसऱ्या रविवारी खरे घासकाम. गाडी सावलीत, पत्रा गार. जिथे खडू फार धरला होता तिथे दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला. वॉटर पेपरचा नंबर जितका मोठा तितका कागद मऊ, हे नवख्याने लक्षात ठेवावे. कडा आणि उंचवट्यांवर रंग पातळ असतो, तिथे कागद लावूच नये. त्यानंतर रबिंग कंपाउंड. एका वेळी दोन हात लांब-रुंद जागा, त्याहून जास्त नाही; लोण्याच्या गोळीएवढे कंपाउंड, जुन्या सुती बनियनचे फडके आणि सरळ रेषेत हात. वाळायच्या आत पुसायचे. फडक्याला रंग लागायचा कमी झाला आणि पत्र्यात आपले तोंड दिसू लागले की थांबायचे. हावरटपणाने घासत राहिले तर खालचा प्रायमर वर येतो आणि मग मिस्त्रीशिवाय गत्यंतर नाही. भाड्याने मशीन मिळते, पण शिकाऊ हातात ते एका जागी टेकले की उष्णतेने रंग जळतो. आमच्याकडे बारा घरांचे चोवीस हात होते, मशीनची गरज पडली नाही.

इथे आयाबायांना एक विनंती. जुना रंग कोरडा घासू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लेकरांच्या पोटात गेली तर त्यांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाखांत ९० भाग अशी मर्यादा आली. त्याआधीचे डबे आणि गाड्यांचे रंग यांविषयी सावध राहिलेलेच बरे. म्हणून ओले घासावे, तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधावा, पोरांना दूर ठेवावे, फडकी घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि जेवणाआधी हात साबणाने स्वच्छ करावेत.

टपावरची फायबरची पेटीही अशीच पांढरी पडली होती. फायबरवर जेलकोट नावाचा थर असतो, तोही उन्हाने खडू धरतो आणि तोही घासून परत चमकतो. पण फायबरचे धागे उघडे दिसू लागले असतील तर हात आवरावा. ते धागे कातडीत रुततात.

मागच्या दारावरच्या नावांचे काम पोरींनी केले. कागदी चिकटपट्टी अक्षरांच्या कडेकडेने लावली, आतल्या अक्षरांना कंपाउंड लागू दिले नाही आणि भोवतालचा पांढरा रंग बोटाला फडके गुंडाळून घासला. एका दारासाठी दीड दिवस गेला. अक्षरांना फक्त ओले फडके आणि नंतर मेण. पट्ट्या काढल्या तेव्हा बाराही नावे उजळ पांढऱ्यावर वाचता येत होती, मामांच्या वळणासकट.

चौथा रविवार पॉलिश आणि मेणाचा. कंपाउंडने चकाकी येते, पण पत्रा उघडा राहतो; त्यावर मेणाचा पातळ थर हवाच. गाडीच्या चांगल्या मेणात कार्नोबा असते, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण. ते पातळ लावावे, वाळू द्यावे आणि मऊ फडक्याने पुसावे. मेण काही महिनेच टिकते. आपल्याकडे उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा लावले तर रंग पुन्हा विटायला बराच काळ जातो.

झटपट उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो डिझेलने पुसा, कोणी खोबरेल तेल लावा म्हणतो. गाडी दोन दिवस चमकते, मग तेलावर धूळ बसून आधीपेक्षा वाईट दिसते. अमेरिकेत जुन्या मोटारहोमवर फरशीचे ॲक्रिलिक पॉलिश चार-पाच हात लावण्याची पद्धत आहे. स्वस्तात काचेसारखी चमक येते हे खरे, पण ते पॉलिश काही हंगामांनी पिवळे पडते आणि पापुद्रे सुटू लागतात; मग ते काढण्यासाठी उग्र वासाचे रसायन लागते. आधी मळ आणि खडू नीट काढला नसेल तर तोही त्या थराखाली कोंडला जातो. मराठवाड्याच्या उन्हात हा खेळ न केलेला बरा.

आता हिशेब मांडतो. वॉटर पेपर १२ नग २४० रुपये, रबिंग कंपाउंडचे दोन डबे ९००, पॉलिश ३८०, मेण ५२०, चिकटपट्टी १८०, प्रायमर, टच-अपचा रंग आणि ब्रश ४४०, शाम्पू व स्पंज १२०, मास्क ८०. रंगाचा एकूण खर्च २,८६० रुपये. पुढचे दोन टायर १५,४००, ब्रेकचे काम ७,२००, पायदानाचे वेल्डिंग ४,५००. सगळे मिळून २९,९६० झाले आणि ३६ हजारांतून ६,०४० रुपये शिल्लक राहिले. ते बॅटरीसाठी बाजूला ठेवले आहेत. ठिकाणाप्रमाणे भाव मागेपुढे होतील, पण पूर्ण रंगाचे ४८ हजार आणि हे २,८६० यांतली तफावत कोणालाही कळण्यासारखी आहे. अर्थात चार रविवारांची मजुरी यात धरलेली नाही. ती बारा घरांनी अंगमेहनतीने दिली.

आणखी दोन गोष्टी कागदपत्रांच्या. मूळ रंग उजळवला तर कुठे नोंद करावी लागत नाही. पण रंग बदलला, पांढऱ्याची लाल केली, तर आर.टी.ओ.कडे जाऊन आर.सी. बुकात नोंद करून घ्यावी लागते. आणि खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते. ही गाडी २०१८ मध्ये आणि २०२३ मध्ये तपासणीला उभी राहिली. तिथे ब्रेक, दिवे, धूर हे पाहतात. चकचकीत गाडीचे ब्रेक आपोआप लागत नाहीत, हे आक्कांना आर.टी.ओ.च्या आधी कळले होते.

रंग अगदी नव्यासारखा झाला असे मी म्हणणार नाही. टपावर दोन ठिकाणी अजून ढगासारखे डाग आहेत. उजव्या बाजूला जुना ओरखडा आहे, तो खोल असल्याने तसाच ठेवला. टच-अपचा पांढरा जुन्या पांढऱ्याहून जरासा उजळ दिसतो. दहा पावलांवरून काही कळत नाही, जवळ गेले की कळते.

६ डिसेंबरला गाडी पानगावला गेली. रेणापूर तालुक्यातले हे गाव. इथल्या चैत्य स्मारकात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, म्हणून ज्यांना मुंबईला चैत्यभूमीवर जाणे जमत नाही अशी मराठवाड्यातली हजारो माणसे त्या दिवशी इथे येतात. रस्त्यावर गर्दी मावत नाही, गाड्या दूर शेतात उभ्या कराव्या लागतात. उतारावर पुढे एक म्हातारी लेकराचा हात धरून अचानक आडवी आली. ड्रायव्हर दादांनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. आत बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिले, कोणी काही बोलले नाही. आक्कांनी खिडकीतून बाहेर डोके काढून त्या म्हातारीला जयभीम घातला.

तुमच्या दारातही अशी एखादी विटलेली गाडी, जीप, टेम्पो किंवा ॲटो उभा असेल. विकायचा विचार करण्याआधी एक पांढरे फडके आणि थोडे कंपाउंड घेऊन वीतभर जागा घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर रंग अजून जिवंत आहे असे समजा, आणि पहिला रविवार मोकळा ठेवा. पण त्याआधी टायर पाहा, ब्रेक पाहा.